मागे हात न्यायला जागा नसेल तर

वहाळावर फ्लाय फिशिंग करताना दोन्हीकडून करंज वाकलेत, काठी फेकायला हात मागे नेला की फ्लाय (गळावर पिसं-लोकर बांधून केलेला खोटा किडा) फांदीत, इतक्या जातात की आता परदेशातून घाऊक मागवू का, असं तुम्ही विचारलंय. वाचून माझीच जुनी रड आठवली. गाठी वगैरे तुम्हाला येतच असणार, ते सोडतो.

आधी मागवण्याचं. मागवू नका. मी एकदा लाइन आणि फ्लाय बांधायची पिसं एकत्र मागवली होती. पार्सल एका कार्यालयात अडकलं (नाव घेत नाही). पिसं म्हणजे प्राणिजन्य माल, दाखला आणा. दाखला देतो कोण? "ते आमचं काम नाही." विक्रेत्याचं पत्र नेलं तर शिक्का नाही, शिक्का आणला तर तारीख जुनी. खिडकीपलीकडचे साहेब चहाचा कप माझ्याच अर्जावर ठेवून हे सांगत होते. आपले वहाळ पाणी निवळल्यावर, दसऱ्यापासून फार तर माघापर्यंत खेळण्यासारखे. पुढे नुसता कातळ. पार्सल सुटलं शिमग्यात, तेही पिसं काढून घेऊन. अख्खा हंगाम गेला. नियम आता बदलले असतील, मी काही वकील नाही.

पिसं गावठी कोंबड्याच्या मानेची घ्या. वडे-सागोतीचा बेत ठरला की घरात आधी सांगून ठेवायचं. गळावर तांबड्या लोकरीचे दोन फुगवटे, मधल्या बारीक कमरेला पिसाचे दोन वेढे, झाली मुंगी. फांदीवरून तांबड्या मुंग्या पाण्यात पडतात म्हणून तर मासा तिथे उभा असतो. झाडाला शिव्या घालून मोकळ्या जागी गेलात तर हात हलवत याल.

आता लाइन, म्हणजे फ्लाय पुढे नेणारी जाड दोरी. तिचा नंबर पहिल्या 30 फुटांच्या वजनावरून ठरतो. चार नंबरला ते 120 ग्रेन, म्हणजे पावणेआठ ग्रॅम. आपण बाहेर सोडतो जेमतेम 15 फूट. काठीचा नंबर त्याच भाराला जुळवलेला, मग निम्म्या भारावर काठी वाकणार कशी? चार नंबरच्या काठीला पाच नंबरची लाइन लावा. दुकानदार नको म्हणेल, म्हणू दे.

मग रोल कास्ट, म्हणजे लाइन मागे न उडवता पुढे टाकणं. काठी सावकाश वर आणा, कानामागे गेली की थांबा. लाइन खांद्यामागे लोंबायला हवी आणि पुढचं टोक पाण्यातच राहायला हवं. पाणी लाइन धरून ठेवतं म्हणून काठी वाकते. अंगणात सराव करून हे येत नाही ते त्यामुळेच. पुढे झटका देऊन काठी उंचावरच थांबवा. पार पाण्यापर्यंत मारलीत तर लाइन गोळा होऊन पडते.

केवड्याच्या बेटात तेवढीही जागा नसते. तिथे गळाचा बाक चिमटीत धरायचा (टोक नव्हे, आणि उलटा काटा पकडीने आधीच दाबलेला हवा), लाइन मुठीजवळ बोटाखाली दाबायची, काठी धनुष्यासारखी ताणून नेम धरायचा आणि गळ सोडायचा. लांब जात नाही, पण फांदीखाली बरोबर जातं. माझ्या मते कोकणात हे आधी शिकावं. बाकीचे वेगळं सांगतील.

पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका, लेप्टो (घाण पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप) आपल्याकडे थट्टेचा विषय नाही. आणि महाडकडे आलात तर वाळणकोंडीच्या डोहात महसीर मासे कितीही दिसोत, काठी गाडीतच ठेवा. ते देवाचे मासे. तुमच्या काठीची लांबी लिहायची राहिलीय. साडेसात फुटांच्या आत असेल तर नवी घेऊ नका, जास्त असेल तर कळवा.