वडिलांना घेऊन दिलेला स्मार्टफोन कपाटात का गेला?

तुम्ही विचारलंय की वडिलांना हौसेने स्मार्टफोन घेऊन दिला, पंधरा-वीस दिवस त्यांनी तो वापरला आणि आता बटणांचा जुना फोन पुन्हा खिशात आला. मग बाकीचे लोक मोबाइल इंटरनेटला इतके चिकटून कसे राहतात?

माझ्या आईच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फोन हातात घेणं आणि तो वापरत राहणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. पहिला निर्णय माणूस ऐकीव गोष्टींवर घेतो: मुलगा म्हणाला, शेजारी वापरतात, सगळ्यांकडे आहे. दुसरा मात्र स्वतःच्या अनुभवावर ठरतो. संशोधक अनोल भट्टाचार्जी यांनी 2001 मध्ये ऑनलाइन बँकिंग वापरणाऱ्यांचा अभ्यास करून हेच मांडलं. जी अपेक्षा धरून सुरुवात केली ती प्रत्यक्षात किती पुरी झाली, त्यावर समाधान अवलंबून असतं आणि समाधानावर पुढचा वापर. तुमच्या वडिलांनी काय अपेक्षा धरली होती? बहुतेक घरांत हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो. आम्हीही विचारला नव्हता.

त्याआधी, 1989 मध्ये, फ्रेड डेव्हिस यांनी कामाच्या ठिकाणच्या संगणकांबद्दल दोन गोष्टी तपासल्या होत्या: याचा मला उपयोग आहे का, आणि हे मला जमेल का. त्यात उपयोगाचं पारडं सोपेपणापेक्षा बरंच जड निघालं. आपण घरी नेमकं उलटं करतो. अक्षरं मोठी करून देतो, दहा ॲप टाकून देतो, ‘अहो, किती सोपं आहे’ म्हणतो. पण ज्याचा उपयोगच नाही, ते सोपं असून काय करायचं?

पुढे 2012 मध्ये व्यंकटेश, थाँग आणि शू या संशोधकांनी थेट मोबाइल इंटरनेट वापरणाऱ्या सामान्य ग्राहकांचा अभ्यास केला. तिथे जुन्या कारणांत तीन नव्या गोष्टींची भर पडली: मजा, मोजलेल्या पैशांचा मोबदला आणि सवय. सवयीचा मुद्दा मला फार पटतो, कारण ती मी डोळ्यांदेखत लागताना पाहिली.

आईचा फोन बंद पडला होता तो एका बोटामुळे. आयुष्यभर कडक बटणं दाबलेला हात तो. ती काचेवरही तसंच जोर देऊन, बोट रोवून धरायची. टच स्क्रीनला टिचकी आणि दाबून धरणं या दोन वेगळ्या आज्ञा वाटतात. त्यामुळे चिन्हं हलायला लागायची, नको ते पर्याय उघडायचे, एकदा तर कॉलचं चिन्हच जागेवरून गायब झालं. तिला वाटलं, फोन आपण बिघडवला. तिने तो पालथा ठेवून दिला आणि मला सांगितलंसुद्धा नाही. किती दिवस ती मनातल्या मनात खजील होत राहिली असेल! मी सुलभतेच्या (ॲक्सेसिबिलिटी) सेटिंगमध्ये जाऊन दाबून धरण्याची वेळ वाढवली, एवढंच.

पण त्याने फोन चालू झाला, वापर नाही. वापर सुरू झाला तो झाडांमुळे. तिच्या गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके पडले, तेव्हा तिने पान उलटं करून फोटो काढला आणि मावशीला पाठवला. मावशीचं उत्तर पाच मिनिटांत आलं. आता रोज झाडांना पाणी घातलं की एक फोटो जातोच. दिवसातल्या एका ठरलेल्या कामाला फोन जोडला गेला, आणि पलीकडे उत्तर देणारं माणूस होतं. मला तरी या दोन गोष्टींपुढे बाकी सगळं दुय्यम वाटतं.

वापरताना पैसे जातील या भीतीचं एक जुनं उदाहरणही सांगते. 1999 च्या सुमारास मोबाइलवर इंटरनेट आणायचे दोन मोठे प्रयत्न झाले. युरोपात ‘वॅप’ आलं. तिथे सुरुवातीला दर वेळी फोन लावून जोडणी करावी लागे आणि मिनिटांवर पैसे पडत. पान हळूहळू उघडतंय आणि मीटर पळतंय, अशा वेळी कोण निवांत काही शोधेल? जपानमधलं ‘आय-मोड’ कायम जोडलेलं असे आणि पैसे माहितीच्या आकारमानावर लागत. 2000 साल संपायच्या आत त्याचे ग्राहक एक कोटीच्या वर गेले. आय-मोडच्या यशाला इतरही कारणं होती, पण मीटरची धास्ती नसणं हे मोठं.

एक गोष्ट मात्र नीट ओळखायला हवी. वापर चालू आहे म्हणजे माणूस समाधानी आहे, असं मुळीच नाही. ओटीपीशिवाय काम अडतं, कागदाचा पर्याय बंद झालेला असतो, म्हणून नाइलाजाने फोन धरून बसलेले लोक खूप आहेत. वडिलांना अशा सक्तीने वळवू नका, एवढं मनापासून सांगते.

शिकवताना फोन त्यांच्या हातातून काढून घेऊ नका. आपण झटकन करून दाखवतो, त्यात त्यांचं बोट काहीच शिकत नाही. आणि सुरुवातीला एकच काम ठेवा, तेही त्यांनी निवडलेलं.

पण त्याआधी शेजारी बसून विचारा, फोन ठेवून दिला त्या दिवशी ते नेमकं काय करत होते. आईला मी हे विचारलं, तेव्हाच मला ती हलणारी चिन्हं कळली.