फिलिपिनो कादंबऱ्यांत ओळख, हुकूमशाही आणि वसाहतीच्या आठवणी सतत एकत्रच का येतात? वाचायला सुरुवात कुठून करावी?

मी मर्चंट नेव्हीत इंजिनीअर आहे. सोळा वर्षांत असं एकही जहाज मिळालं नाही ज्यावर फिलिपिनो खलाशी नव्हते. या कादंबऱ्यांपर्यंत मी त्यांच्यामुळेच पोचलो, म्हणून उत्तरही तिथूनच सुरू करतो.

मेसच्या भिंतीवर क्रू लिस्ट लावलेली असते. एकदा चहा पिताना ती वाचत उभा होतो, तर एकाच गावच्या तिघांची आडनावं वेगवेगळी, पण तिन्ही 'आर' या अक्षरावरून सुरू होणारी. तिघांत नातं काहीच नाही. आमच्या वयस्कर बोसनना, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमांना, सगळे 'कुया' म्हणायचे, कुया म्हणजे दादा. त्यांनी कारण सांगितलं. १८४९ मध्ये नार्सिसो क्लाव्हेरिया या स्पॅनिश गव्हर्नर-जनरलने हुकूम काढला, की करवसुली आणि नोंदी नीट व्हाव्यात म्हणून लोकांना आडनावं वाटून द्या. आडनावांची छापील यादी निघाली. फिलिपिन्समधल्या बिकोल भागातल्या काही गावांच्या वाट्याला एकाच अक्षराची पानं आली आणि अख्खं गाव त्या अक्षराचं झालं. आपल्याकडे आडनावावरून गाव कळतं, पूर्वजांचा धंदा कळतो. कुयांच्या आडनावावरून कळतं ते एवढंच, की कारकुनाने कोणतं पान फाडून कुठे पाठवलं. अशा देशातला लेखक 'मी कोण' हा प्रश्न 'माझ्यावर राज्य कोणी केलं' यापासून वेगळा काढणार कसा?

म्हणून मला हे तीन विषय वाटतच नाहीत, एकच वाटतो. स्पेनने १५६५ पासून तिथे राज्य केलं आणि १८९८ च्या पॅरिस तहात दोन कोटी डॉलर घेऊन ती बेटं अमेरिकेच्या हवाली केली. मालक बदलला, पण बड्या जमीनदार घराण्यांचं फारसं काही बिघडलं नाही. पुढे हुकूमशहा फर्दिनांद मार्कोसच्या पंगतीलाही त्यांतली काही जण मांडी घालून बसलीच. निनोच्का रोस्का यांची 'स्टेट ऑफ वॉर' (१९८८) हीच वंशावळ उलगडते. एका बेटावर जत्रा भरली आहे, ढोल वाजताहेत, आणि 'कमांडर' म्हणजे हुकूमशहाला उडवायचा कट शिजतो आहे. गोष्ट ऐन रंगात येते आणि लेखिका आपल्याला उचलून थेट स्पॅनिश पाद्र्यांच्या काळात नेते, जत्रेतल्या तीन तरुणांच्या पणज्या-खापरपणज्यांच्या घरात. पहिल्यांदा मी वैतागून पानं उलटली होती. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की कटाचं कारण त्याच घरांत आहे. रोस्का स्वतः मार्कोसच्या मार्शल लॉच्या, म्हणजे लष्करी कायद्याच्या काळात अटकेत होत्या, हे विसरून ते पुस्तक वाचताच येत नाही.

मार्शल लॉ सप्टेंबर १९७२ मध्ये आला आणि वर्तमानपत्रांना टाळं लागलं. कागदावर तो १९८१ मध्ये उठला, पण मार्कोस हलले ते फेब्रुवारी १९८६ मध्ये, लाखो लोक मनिलाच्या एड्सा रस्त्यावर चार दिवस ठाण मांडून बसल्यावर. त्या काळात लिहायचं कसं, याचं एक उदाहरण द्यायलाच हवं. १९७३ मध्ये 'फोकस' या सरकारधार्जिण्या नियतकालिकात ग्रीक पुराणातल्या प्रॉमिथियसवरची एक इंग्रजी कविता छापून आली. लोकांनी ओळींची पहिली अक्षरं वरून खाली वाचली, तर तिथे मोर्चातली घोषणा: 'मार्कोस, हिटलर, दिक्तादोर, तुता'. तुता म्हणजे कुत्र्याचं पिल्लू, मालकामागे शेपूट हलवत जाणारं. मालक अर्थात अमेरिका. एका घोषणेत हुकूमशाही आणि वसाहत दोन्ही आली. तुमच्या प्रश्नाचं याहून थोडक्यात उत्तर मला सापडलेलं नाही. कवी होसे लाकाबा पुढे पकडले गेले, त्यांचा छळ झाला. १९७६ मध्ये ज्येष्ठ कादंबरीकार निक होआकिन यांना सरकारने 'राष्ट्रीय कलावंत' हा किताब देऊ केला, तेव्हा त्यांनी अट घातली: लाकाबांना सोडा, मग घेतो. लाकाबा सुटले.

आता आठवणींकडे येतो. मे २०२२ मध्ये मार्कोस यांचा मुलगा अध्यक्षपदाची निवडणूक जिंकला, तेव्हा आम्ही भर समुद्रात होतो. चीफ कुक इलोकोसचा, म्हणजे मार्कोस यांच्याच मुलखातला. त्याने त्या दिवशी सगळ्यांसाठी पान्सित, म्हणजे त्यांच्याकडच्या नूडल्स, केलं होतं. कुया ताट तसंच ठेवून उठले. रात्री डेकवर त्यांनी सांगितलं, की ते आठ-नऊ वर्षांचे असताना कॉलेजात शिकणाऱ्या काकाला शिपाई घेऊन गेले. आजीने त्याच दिवशी काकाची पुस्तकं एकेक करून चुलीत घातली. सरपण पुरलं, भात झाला आणि सगळ्यांनी तो मुकाट्याने खाल्ला. काका परत आला, पण त्याने पुन्हा कधी पुस्तक हातात धरलं नाही. दुसरीकडे चीफ कुकही खोटं बोलत नव्हता. त्याच्या वडिलांना त्या राजवटीत नोकरी मिळाली होती, गावात पक्का रस्ता आला होता.

एकाच मेसमधल्या या दोन आठवणी मी जेसिका हेगडॉर्न यांच्या 'डॉगईटर्स'मध्ये (१९९०) पुन्हा पाहिल्या. रिओ नावाची मुलगी बालपण सांगते, आणि शेवटाकडे तिची चुलत बहीण पुचा येऊन म्हणते, तू सगळं चुकीचं सांगितलंस. जीना अपोस्टोल यांच्या 'गन डीलर्स डॉटर'मध्ये तर नायिकेची स्मृतीच मोडलेली आहे. राजवटीला शस्त्रं पुरवणाऱ्या बापाची ही मुलगी तीच गोष्ट पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेते आणि प्रत्येक वेळी अडखळते.

सुरुवात मात्र यांपैकी कशानेही करू नका. होसे रिसाल यांच्या 'नोली मे तांगेरे'नेही (१८८७) नको. या सगळ्या कादंबऱ्यांचं मूळ ती आहे हे खरं, आणि १९५६ च्या कायद्याने तिथल्या शाळा-कॉलेजांत ती शिकवावीच लागते. पण ती थोडं रुळल्यावर घ्या.

आधी लुआलहाती बाउतिस्ता यांची 'देकादा सेव्हंटी' (१९८३) घ्या. ती टागालोग या तिथल्या भाषेत लिहिलेली आहे, मी इंग्रजी भाषांतर वाचलं. कुया म्हणाले होते, बाकीची पुस्तकं मास्तरांच्या भाषेत बोलतात, ही माझ्या आईच्या भाषेत. पाच मुलगे असलेली मध्यमवर्गीय आई, आमांदा, स्वयंपाकघरातून मार्शल लॉ पाहते. एक मुलगा बंडखोरांत जातो, दुसरा अमेरिकन नौदलात, एक मारला जातो. आणि हे सगळं सोसत असताना तिला प्रश्न पडतो, की बायको आणि आई याखेरीज आपण कोणी आहोत का. देशाची ओळख आणि बाईची ओळख ती एकाच सुरात बोलते.

त्यानंतर 'स्टेट ऑफ वॉर' उघडाल तेव्हा शेजारी एक कागद ठेवा आणि आडनाव आलं की लिहून ठेवा. कोणाचं आडनाव कोणत्या पाद्र्याच्या घरातून आलं आणि कोणत्या पिढीत बदललं, हेही लिहा. माझा कागद दोन्ही बाजूंनी भरला होता. अजून त्या पुस्तकातच ठेवला आहे.