महालातले राजे

लाडक्या ओवीस,

शनिवारी मारबत, म्हणजे पोळ्याच्या पाडव्याला मिरवून जाळतात ते पुतळे, बघून आल्यावर तू पाठवलेला आवाजी मेसेज मी ड्यूटीवरून परतताना बसमध्ये तीनदा ऐकला. मागून आजीचं "हळू बोल ना गं, काऊन ओरडतेस" ऐकू येतं, ते चौथ्यांदाही ऐकलं. डब्लिनच्या बसमध्ये 'काऊन' ऐकलं की पोटात कसंतरी होतं बघ.

तुझे प्रश्न दोन. नागपूरच्या रघूजीराजे भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून सरकारनं 47 लाखांना घेतली आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये मुंबईला आणली. ती भोसल्यांचीच होती, तर विकत का घ्यावी लागली? आणि साताऱ्याचे एक राजे मंत्री, दुसरे खासदार, कोल्हापूरचे महाराज खासदार, ग्वाल्हेरचे शिंदे दिल्लीत मंत्री. मग आपल्या नागपूरच्या महाल भागातल्या राजांचं नाव मुंबई-दिल्लीत का ऐकू येत नाही?

फोनवर सांगायला बसले तर आजीची सिरियल बुडेल, म्हणून लिहिते.

आधी घराणं नीट समजून घे. सातारचे आणि नागपूरचे, दोघेही भोसले. पण आपले हे हिंगणीकर भोसले, शिवाजी महाराजांचे थेट वंशज नव्हेत. शाहू महाराजांनी पहिल्या रघूजींना 'सेनासाहेब सुभा' हा किताब दिला. त्या तलवारीच्या पात्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत हाच किताब कोरलेला आहे. म्हणजे नागपुरात राजे, पण कागदोपत्री साताऱ्याच्या छत्रपतींचे सरदार. हे ध्यानात ठेव, पुढे लागेल.

नागपूरही त्यांनी वसवलेलं नाही. ते देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शहानं. आजी अजून ज्याला जुम्मा तलाव म्हणते आणि गांधी गेटला जुम्मा दरवाजा म्हणते, ती नावं गोंडांच्या काळातली. 1739 मध्ये गोंड राजा चांद सुलतान वारला, गादीवरून भांडण पेटलं आणि त्याची राणी रतनकुंवरनं वऱ्हाडातून रघूजींना मदतीला बोलावलं. ते आले, भांडण मिटवलं, परत गेले. मग राणीच्या दोन मुलांत जुंपली, पुन्हा आले, आणि या खेपेला राहिलेच. आजीची म्हण आहे ना, भटाला दिली ओसरी! गोंड राजाला त्यांनी हाकललं मात्र नाही. तो नावापुरता राजा राहिला, पेन्शन घेत राहिला, आणि नवा भोसला गादीवर बसला की त्याच्या कपाळी टिळा लावण्याचा मान त्याच्याकडेच राहिला. राज्य घ्यायचं, पण ज्याचं घेतलं त्याच्याच हातून टिळा लावून घ्यायचा. मला हा भाग सगळ्या लढायांपेक्षा जास्त आवडतो.

लढायाही काही कमी नव्हत्या. रघूजींच्या फौजा भास्करपंत कोल्हटकरांबरोबर 1742 मध्ये बंगालवर गेल्या. दोन वर्षांनी बंगालचा नवाब अलीवर्दी खानानं भास्करपंतांना बोलणीला बोलावून दगा दिला, मारलं. पण 1751 च्या तहात ओडिशा हाती आला आणि बंगालच्या चौथाईचे वर्षाला 12 लाख ठरले. आपल्या पुस्तकात हा पराक्रम आहे. माझ्या वॉर्डातल्या बंगाली डॉक्टरला मी नागपूरची म्हटल्यावर ती हसत म्हणाली, म्हणजे तू बर्गी! तिकडे आया अजून मुलांना 'बर्गी आले' म्हणून झोपवतात. बर्गी म्हणजे आपला बारगीर, सरकारी घोड्यावरचा स्वार. स्वतःचा घोडा असेल तो शिलेदार. तिच्या आजीनं ज्यांच्या नावानं तिला घाबरवलं, त्यांच्या वाड्याच्या गल्लीत मी लंगडी खेळलेय. मला काय बोलावं सुचेना, मी तिला चहा दिला.

पुढचं भराभर सांगते. 1803 मध्ये अकोल्याकडच्या अडगावला इंग्रजांशी हरले, देवगावचा तह झाला, ओडिशा गेला आणि वर्धा नदीपलीकडचं वऱ्हाडही गेलं. 1817 च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसले हरले. तलवार त्या वेळच्या लुटीतच साता समुद्रापार गेली असावी, असं जाणकार म्हणतात; म्हणून आपलीच वस्तू विकत घ्यावी लागली. मग तिसरे रघूजी आले. डिसेंबर 1853 मध्ये ते वारले. पोटी मुलगा नाही. डलहौसीनं दत्तक मानला नाही आणि 1854 मध्ये राज्य खालसा केलं.

आणि ओवी, नुसतं राज्य नाही गेलं. वाड्यातलं सामान निघालं. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात उभे केले, दागिने कलकत्त्याला विकायला पाठवले. त्या वेळी वाड्यात सगळ्यात वडीलधारी होती बाकाबाई, दुसऱ्या रघूजींची विधवा. सामानाला हात लावाल तर वाडा पेटवून देईन, असं ती म्हणाली म्हणे.

हीच ती बाकाबाई, तू शनिवारी बघितलेल्या काळ्या मारबतीतली. बाकाबाई इंग्रजांना फितूर झाली म्हणून तिच्या नावानं काळी मारबत काढतात, असं तुला गर्दीतल्या काकांनी सांगितलं ना? 1857 मध्ये तिनं इंग्रजांविरुद्ध उठाव होऊ दिला नाही, हे खरं आहे. पण लिलावाचा हातोडा ऐकलेल्या, दत्तकासाठी अर्ज करकरून थकलेल्या त्या म्हातारीपुढे दुसरा कोणता रस्ता होता? काळी मारबत 1881 पासून निघतेय असं सांगतात, म्हणजे जवळपास दीडशे वर्षं आपण दर पोळ्याच्या पाडव्याला तिला "घेऊन जा गे मारबत" म्हणून जाळतोय. मला लहानपणी फार मजा यायची. आता थोडी कमी येते. (आजीला हे वाचून दाखवू नकोस, ती म्हणेल बाहेर गेली आणि शहाणी झाली.)

उठावानंतर इंग्रजांनी दत्तक मान्य केला. त्या दत्तक जानोजींना किताब दिला, पण कुठला? 'राजेबहादूर ऑफ देऊर'. देऊर हे सातारा जिल्ह्यातलं त्यांचं मूळ वतनाचं गाव. नागपुरात राहायचं, पण नागपूर हा शब्द नावात नको!

आता तुझा दुसरा प्रश्न. 1947 मध्ये ग्वाल्हेर, बडोदा, कोल्हापूर ही जिवंत संस्थानं होती. विलीन झाली तेव्हा त्यांच्याकडे वाडे, जमिनी, 1971 पर्यंत सरकारी तनखा, आणि 'आमचे महाराज' म्हणणारी, त्यांचं राज्य डोळ्यांनी पाहिलेली माणसं होती. तीच माणसं मतदार झाली. विजयाराजे शिंदे 1957 मध्ये काँग्रेसकडून गुण्याहून निवडून आल्या, नंतर जनसंघात गेल्या. मुलगा माधवराव काँग्रेसमध्ये, मुलगी वसुंधरा राजस्थानची मुख्यमंत्री झाली ती भाजपकडून. एका ताटात दोन पक्ष. आपल्या भोसल्यांचं राज्य तोवर त्र्याण्णव वर्षांपूर्वी लिलावात निघालं होतं. विलीन करायला काही शिल्लकच नव्हतं, त्यामुळे संस्थानिकाचा तनखा वगैरे प्रश्नच नाही. आणि जुना मुलूख आता ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेश नि विदर्भात वाटलाय; कटकच्या माणसानं भोसल्यांना मत का द्यावं?

तू लगेच विचारशील, कारण तू माझीच मुलगी आहेस: साताऱ्याचं राज्यही 1848 मध्ये खालसा झालं होतं, मग ते कसे निवडून येतात? बरोबर. तिथं माझं गणित चुकतं. पण ती छत्रपतींची गादी, थेट शिवाजी महाराजांची. राज्य गेलं तरी ते नाव गेलं नाही. सरदाराचं नाव एवढं वजन पेलत नाही. मी वर ध्यानात ठेव म्हटलं ते यासाठी.

आणि नावावर लोक डोळे झाकून शिक्का मारतात असंही समजू नकोस. 2019 मध्ये उदयनराजे पक्ष बदलून पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि साताऱ्यातच पडले. त्याच वर्षी ज्योतिरादित्य शिंदे गुण्यात आपल्याच जुन्या कार्यकर्त्याकडून हरले. दोघेही पुढे परत आले, ते वेगळं. 2024 च्या डिसेंबरात शिवेंद्रराजांनी मंत्रिपदाची शपथ घेतली ती आपल्याच नागपूरच्या राजभवनात. साताऱ्याचे राजे इथं येऊन मंत्री झाले आणि आपण भोसल्यांच्या वाड्याजवळ पोहे खात टीव्हीवर बघितलं.

महालातल्या घराण्याकडे राहिलं ते सणवार. तान्हा पोळा दुसऱ्या रघूजींनी सुरू केला असं नागपुरात सगळे सांगतात. तुझा लाकडी बैल त्यांच्यामुळेच. पितृपक्षात वाड्यात मस्कऱ्या गणपती बसतो, त्याला हाडपक्याही म्हणतात. गोष्ट अशी की चिमणाबापू भोसले बंगालची मोहीम जिंकून परतले तोवर घरच्या गणपतीचं विसर्जन होऊन गेलेलं. मग त्यांनी पितृपक्षातच दुसरा गणपती बसवला आणि नाचगाणी, नकला केल्या. कुठल्याही शुभकार्याला वर्ज्य पंधरवड्यात गणपती, हे फक्त नागपूरकरच करू जाणे.

तो यंदा बसला की आजीला घेऊन जा. तिचे गुडघे दुखतात, बडकस चौकापर्यंत रिक्षा कर, पैसे कपाटातल्या निळ्या डब्यात आहेत. गणपतीला किती हात आहेत ते मोजून मला सांग. मी लहानपणी दर वर्षी मोजायचे आणि दर वर्षी आजोबांशी वाद व्हायचा. आणि बैलाचं मागचं चाक निखळलंय म्हणालीस, तो माळ्यावर टाकू नकोस, मी दिवाळीत आले की बसवून देईन.

तुझी,
आई