चिखलीची मावशी आणि वळिवड्याची मुलगी

बाळा,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी इकडं इंग्लंडात ड्युटीवर निघाले होते, बसस्टॉपवर उभी. धड बोलता आलं नाही. आज सुट्टी आहे म्हणून सावकाश लिहिते. आज्जीलाही वाचून दाखव, तिचा चष्मा अजून दुरुस्त झाला नसेल.

तू सांगितलंस ते असं. शाळेच्या हस्तलिखितासाठी तू इतिहासातली गोष्ट लिहितेयस. दुसऱ्या महायुद्धात पोलंडहून आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत आलेली एक मुलगी. वाटेत तिची आई वारते आणि इथं तिला "एक मावशी" भेटते. आज्जीनं गोष्ट ऐकली आणि म्हणाली, "माय मरो पण मावशी जगो." त्यावर तू ताटावरनं उठलीस. मला विचारलंस, असं वाईट कोण कसं बोलू शकतं? आणि जी आईची बहीण नाहीच, तिला आपण मावशी का म्हणतो?

आज्जीवर रागावू नकोस. त्या म्हणीतला "मरो" हा शाप नाही. आई गेली तरी चालेल असं ती म्हण म्हणत नाही. पूर्वी बाळंतपणात, तापात, प्लेगात बायका पटापट जायच्या. मागं राहिलेल्या लेकराला जवळ कोण घेणार? आईसारख्याच ओव्या म्हणणारी, तिच्याच हाताखाली वाढलेली बाई म्हणजे आईची बहीण. म्हणून तिच्या मायेला आईपेक्षाही वर बसवून ठेवलं. पुष्कळ घरांत वडिलांचं दुसरं लग्नही तिच्याशीच लावून द्यायचे, बाहेरची सावत्र आई येण्यापेक्षा मावशी बरी म्हणून. त्या मुलीला मात्र कुणी विचारत नसे. म्हण ऐकली की मला पोरक्या लेकराइतकीच तीही आठवते.

तुझी आई इतक्या लांब असताना हे शब्द तुझ्या कानावर पडले, म्हणून ते जास्त लागले. खरं सांगते, फोनवर ऐकताना मलाही लागले.

आता परक्या बाईला मावशीच का? आत्या का नाही? आत्या वडिलांकडची. ती आली की तिचा मान राखायचा, रुसवा-फुगवा बघायचा. मावशीचं तसं नसतं. मावशी आली की तिच्या कुशीत शिरायचं. म्हणून ओळख नसलेल्या बाईशी जवळीक जोडायची झाली की आपल्या तोंडात आपसूक मावशी येतं. आपल्याकडं त्यासाठी एक शब्दही आहे, "मानलेला". मानलेला भाऊ, मानलेली बहीण. रक्ताचं नाही हे त्या शब्दातच सांगून टाकलेलं असतं, त्यात लपवाछपवी नाही. पण एकदा मानलं की निभवावं लागतं.

चिखलीची मावशी आठवते का तुला? २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. प्रयाग चिखली, आंबेवाडी पाण्यात गेली. आपल्या गल्लीतल्या तालमीत माणसं आणून ठेवली होती. आज्जी भाकरी द्यायला गेली आणि एक बाई आणि तिच्या दोन मुलांना घरीच घेऊन आली. नऊ दिवस ती आपल्या सोप्यात राहिली. पहिल्या दिवशी आज्जीनं तिला विचारलं, "कुठलं म्हणायचं पाव्हणं?" आणि संध्याकाळी तुला सांगितलं, "मावशीला पाणी दे." एवढ्यावर नातं जुळलं. तिची दोन्ही जनावरं गेली होती. ती रात्री रडायची आणि दिवसा तुझ्या वेण्या घालायची. पाणी उतरल्यावर ती घरी निघाली तेव्हा आज्जीनं तिची ओटी भरली. नारळ, तांदूळ, खण, अगदी सासरी निघालेल्या लेकीची भरतात तशी. मी इकडं यायला निघाले तेव्हा ती चिखलीहून एसटीनं आली आणि तिनं माझी ओटी भरली. अजून भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं येतं ना दरवर्षी? आणि तिच्या मुलाच्या बारावीची फी कमी पडली तेव्हा आज्जीनं भरली, हे तुला माहीत नाही. याला मी मानणं म्हणते.

पण सगळीकडं असं नसतं, आणि हे मला तुझ्यापासून लपवायचं नाही. शाळेत घंटा देणाऱ्या मावशी, दवाखान्यात फरशी पुसणाऱ्या मावशी, घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशी. त्यांनाही आपण तोच शब्द वापरतो, आणि कितीक घरांत त्यांचा चहाचा कप मात्र वेगळा ठेवलेला असतो. मी लहानपणी हे पाहिलंय आणि गप्प बसलेय. मावशी म्हणायचं आणि कप वेगळा ठेवायचा, हे मला पटत नाही. तू तुझ्या शाळेतल्या मावशींचं नाव विचारून घे.

आता तुझी गोष्ट. मला तिची कल्पना फार आवडली, पण तू सांगितलेला मधला भाग मला पटला नाही. मावशी तिला घरी नेते, परकर-पोलकं घालते आणि ती मुलगी पोलंड विसरून जाते. असं झालं नव्हतं बाळा. ती आधी कुठनं कुठनं आली ते बघ.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर एका बाजूनं जर्मनी आणि दुसऱ्या बाजूनं सोव्हिएत रशिया चाल करून आला. १० फेब्रुवारी १९४० पासून रशियानं घेतलेल्या पूर्व पोलंडमधल्या लोकांची दारं अपरात्री ठोठावली जाऊ लागली. थोडं सामान बांधायला वेळ दिला, आणि गुरांच्या डब्यांतनं सैबेरिया, कझाकस्तानकडं रवानगी. तिथं बर्फात लाकूडतोड आणि उपासमार. जून १९४१ मध्ये जर्मनीनं रशियावरच हल्ला केला तेव्हा रशियाला पोलिश सैनिकांची गरज पडली, म्हणून या लोकांना मोकळं केलं. जनरल अँडर्सच्या पोलिश फौजेबरोबर बायका-मुलंही दक्षिणेकडं निघाली. १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून ती इराणच्या पहलवी बंदरात उतरली. सुटका झाली म्हणेपर्यंत टायफसनं आणि उपाशी पोटांनी तिथंही माणसं गेली. तुझ्या गोष्टीतली आई वारते ती बहुधा इथंच असेल. तिथनं कराची, आणि १९४३ मध्ये आपलं वळिवडे.

सुमारे पाच हजार माणसं होती, बहुतेक बायका आणि मुलं, कारण पुरुष फौजेत. लांबच लांब बराकी, त्यांच्या स्वतःच्या शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं, स्काउट. अनाथ मुलांचं वसतिगृहही होतं, तुझी मुलगी तिथं असेल. शिकायचं पोलिशमध्ये, प्रार्थना पोलिशमध्ये, कारण युद्ध संपलं की परत घरी जायचं असं सगळे धरून चालले होते. म्हणजे ती विसरणं तर सोडच, तिच्या शिक्षिका तिला विसरू देणार नव्हत्या. आपली माणसं तिच्या आयुष्यात यायची ती काठाकाठानं. गावातनं दूध, भाजी, फळं विकायला येणारी. तुझी मावशी अशी असेल, डोक्यावर पाटी घेऊन बराकीच्या दारात येणारी. तिला पोलिश येत नाही, मुलीला मराठी येत नाही. गोष्ट इथं रंगेल. दोघी बोलायला कशा लागतात ते मला वाचायचंय.

एक गंमत सांगते, ती तुझ्या उपयोगी पडेल. माझ्या वॉर्डात एक पोलिश मैत्रीण आहे. तिचा छोटा मुलगा मला "चोचा" म्हणतो. मी विचारलं तर म्हणाली, चोचा म्हणजे मावशी, आणि आत्यासुद्धा, आमच्याकडं आईच्या मैत्रिणींनाही मुलं असंच म्हणतात. म्हणजे वळिवड्याच्या त्या मुलीकडं हा शब्द आधीपासनं होता! परकीला मावशी म्हणणं तिला आपण शिकवायची गरज नव्हती. ती पाटीवाल्या बाईला तिच्या भाषेत हाक मारेल, आणि बाईला वाटेल ही चिमणीच्या चोचीबद्दल बोलतेय.

तिकडं गुजरातेत जामनगरजवळ बालाचडीला पोलिश मुलांची अशीच दुसरी छावणी होती. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी ती उभारली होती. तिथली मुलं त्यांना "बापू" म्हणत. १९४६ मध्ये ती छावणी बंद झाली आणि तिथली मुलंही वळिवड्याला आली. तुझ्या मुलीला तिथली एखादी मैत्रीण मिळू दे. एकीला बापू, एकीला चोचा.

तिच्या वडिलांचं काय? तू त्यांना मारून टाकलंयस, म्हणजे मावशीकडं राहायला वाट मोकळी. नको ना. अँडर्सच्या फौजेतले पुष्कळ बाप इटलीत लढत होते. मे १९४४ मध्ये माँटे कॅसिनो पोलिश सैनिकांनी घेतलं. छावणीत बायका-मुलं त्यांच्या पत्रांकडं डोळे लावून बसायची. तिलाही वाट बघू दे. पत्र येईल की नाही ते तू ठरव, पण ती वाट बघत असताना मावशीनं तिला जवळ घेतलं तर त्या जवळ घेण्याला वजन येईल.

शेवटही वेगळा होईल. युद्ध संपलं तेव्हा त्यांची गावंच सोव्हिएत रशियात गेली होती. घर होतं, पण ते आता दुसऱ्या देशात. छावणी १९४८ पर्यंत रिकामी झाली. कुणी पोलंडला गेलं, कुणी ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेला, कितीतरी जण इथं इंग्लंडला. या देशात अजून त्यांची चर्चं आहेत, आणि शनिवारी मुलांना पोलिश शिकवणारे वर्ग भरतात. आणि रिकाम्या बराकींत कोण आलं? फाळणीत सिंधमधनं घरंदारं टाकून आलेली माणसं. आपण दिवाळीचे कपडे ज्या गांधीनगरातनं आणतो ना, तेच ते. एका बिऱ्हाडाची चूल थंड होते न होते तोवर दुसऱ्याची पेटली. मी कितीदा तिथनं साड्या घेतल्या, पण पायाखाली काय आहे ते मला थोरपणीच कळलं.

तर तुझी मुलगी जाणार आहे. तिला थांबवू नकोस. मावशीला मिरजेकडं जाणाऱ्या गाडीपर्यंत यायला लाव. तिच्याकडं खणाला पैसे नसतील, पण गूळ असेल, शेंगा असतील, मूठभर तांदूळ असतील. कुमारिकेची ओटी भरतात का, हे आज्जीला विचार. ती नाही म्हणाली, तर मावशीनं पोरीच्या हातात काय दिलं असतं तेही तिलाच विचार, तिला बरोबर सुचेल. मुलीनं काय दिलं असतं ते तू ठरव. मावशीनं नुसतं द्यायचं आणि मुलीनं नुसतं घ्यायचं असं नको.

रविवारी आज्जीबरोबर महावीर उद्यानात जा. तिथं पोलिश लोकांच्या आठवणीचा स्तंभ आहे. वॉर्सामध्येही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान तिथं गेले होते तेव्हा आज्जीनं टीव्हीवर दाखवलं होतं तुला. येताना गंगावेशीत दूध पी.

पुढच्या जूनमध्ये तू इकडं येशील तेव्हा तुझ्याही बॅगेत काय काय घालायचं याची यादी आज्जी आत्तापासनं करत असेल. चिखलीच्या मावशीला कळव, तिला शेवटच्या दिवशी कळलेलं आवडणार नाही.

आणि तुझ्या गोष्टीत सगळ्यांना नावं आहेत, मुलीला, तिच्या शिक्षिकेला, कुत्र्याला सुद्धा. मावशी तेवढी "एक मावशी" आहे. आधी तिचं नाव ठेव, मग पुढचं लिही.

तुझी,
आई