मागच्या अंगणातलं बांधकाम, शेजाऱ्यांची तक्रार आणि न मिळालेली पोच

ताई, नागपुरात मानेवाड्याकडे मागच्या अंगणात दोन खोल्या काढताय, शेजारच्या काकांनी धूळ, आवाज आणि भिंतीच्या भेगेची तक्रार केली आणि आता काम थांबवायची नोटीस आली, हे वाचून आमचं तेव्हाचं सगळं आठवलं. फक्त आमच्याकडे काकांच्या जागी काकू होत्या.

नकाशा मंजुरी, मार्जिन (घराभोवती सोडायची मोकळी जागा) हे तुम्ही बघितलंच असेल. मी वकील नाही, इंजिनिअरही नाही, तेव्हा कागद कोणा जाणकाराला दाखवाच.

आमचं खरं नुकसान काकूंनी नाही, एका कार्यालयाने केलं. नाव घेत नाही. नोटीस आली तशी आम्ही मंजुरीच्या प्रती जोडून उत्तर घेऊन गेलो. बाबूने कागद चाळले, फायलीत टाचले. पोच मागितली तर म्हणे, "आवकवाल्या मॅडम सुट्टीवर आहेत, उद्या या ना." उद्या गेलो तर शिक्का कपाटात, किल्ली साहेबांकडे, साहेब साइटवर. असं करता करता एक दिवस तोच बाबू सरळ म्हणाला, "तुमचं उत्तर तं आलंच नाही इथं." तोवर पाऊस सुरू झाला होता. कॉलमच्या उघड्या सळ्यांवर गंज चढला, सेंट्रिंगचं भाडं बसल्या जागी चालू. तक्रारीची प्रत मागितली तर "गोपनीय आहे". मग माहिती अधिकारात 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज टाकला. कायद्याने 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रत हातात आली तर त्यात "तिसऱ्या मजल्याचं अनधिकृत काम" असं लिहिलेलं. आमचं घर तळमजल्याचं! न बघता नोटीस काढणाऱ्याला कोणी काही विचारत नाही, हे मला आजही पटत नाही.

म्हणून कागद हातात देऊच नका असं माझं ठाम मत आहे. निदान शिक्क्याशिवाय तरी नको. शिक्का मिळत नसेल तर तेच उत्तर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि ईमेलही करा.

भेगेचं म्हणाल तर नागपुरात बऱ्याच भागात काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि उथळ पायाच्या जुन्या भिंती त्यात तडकतात. पण तुमचा खड्डा त्यांच्या पायाला लागून असेल तर सगळं मातीवर ढकलू नका. काकांना विचारून भेगेवर आडवी पीओपीची पट्टी मारा, तारीख लिहा, फोटो काढा. पट्टी तुटली तर भेग अजून वाढते आहे, मग इंजिनिअर बोलवा. शेजारच्या भिंतींचे फोटो खोदकामाआधीच काढलेले असले तर उत्तमच.

आवाजाच्या बाबतीत मात्र मी काकांच्या बाजूने. मे महिन्यात, विशेषतः नवतप्यात (मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत), मजूर ऊन चढायच्या आत काम उरकायला बघतात आणि साडेपाचलाच मिक्सर घरघरतो. ध्वनिप्रदूषणाच्या नियमात रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. ठेकेदाराला सांगा, सहाच्या आधी सळ्या बांधा, पाणी मारा, मिक्सर नाही. आणि क्युरिंगचं पाणी त्यांच्या अंगणात जाऊ देऊ नका. आमच्याकडे निम्मं भांडण त्या पाण्याचंच होतं.

"आमचा उजेड अडतो" असं पुढे आलं तर ती खिडकी किती जुनी आहे ते विचारा. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात असा हक्क तयार व्हायला 20 वर्षांचा अखंड वापर लागतो. हे वकिलाकडून तपासून घ्या.

नोटीस नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 53 ची आहे की 54 ची, ते आधी बघा. 54 म्हणजे काम थांबवा, 53 चं प्रकरण पाडण्यापर्यंत जाऊ शकतं. मुदत नोटिशीतच असते. कलम कोणतं आणि तारीख काय, एवढं लिहा, मग आमच्या उत्तराचा मसुदा तुम्हाला कितपत चालेल ते सांगतो.