मांजर मांजराला आडवं जातं तेव्हा

"मॅडम, दोघांपैकी एकाला देऊन टाकावं लागणार बहुतेक," ताई फोनवर एवढंच बोलल्या आणि मग बराच वेळ गप्प. असे फोन मला सवयीचे आहेत. मी मांजरांच्या वर्तनाचं समुपदेशन करते, म्हणजे खरं तर माणसांचंच करते, कारण मांजर माझं काय ऐकणार. आणि सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, की इतके दिवस एका घरात नीट राहणारी दोन मांजरं अचानक एकमेकांच्या जिवावर उठली, आता काय करू, एकाला दुसरीकडे द्यावं का.

या ताईंना विचारूनच लिहितेय, मांजरांची नावं तेवढी बदलली आहेत. ढमी ११ वर्षांची भाटी, बंटू ३ वर्षांचा बोका, दोघांची नसबंदी झालेली. बंटू अगदी पिल्लू असताना आला तेव्हा ढमी थोडे दिवस फिसकारली, मग सवय झाली, अंगाला अंग लावून कधी झोपले नाहीत पण तक्रारही नव्हती. मग ढमीचा एक दात काढायला लागला. सकाळी दवाखान्यात नेलं, संध्याकाळी घरी आणलं, कॅरिअर हॉलमध्ये ठेवून दार उघडलं, ढमी अजून भुलीतच, डुलत डुलत बाहेर आली, बंटू धावत आला, हुंगलं आणि शेपटी बाटली धुवायच्या ब्रशसारखी फुलवून थेट अंगावर. ताईंच्या मिस्टरांनी सोडवायला हात घातला आणि मनगटाला कडकडून चावून घेतलं.

इथे जरा थांबते कारण हे सगळेच करतात. भांडणाऱ्या मांजरांच्या मधे हात घालू नका हो. मांजराचे सुळे बारीक असतात, वरून नुसतं टोचल्यासारखं दिसतं पण तोंडातले जंतू खोलवर जातात आणि दुसऱ्या दिवशी हात टम्म सुजतो. चावा लागला तर साबण लावून भरपूर पाण्याने धुवायचा आणि डॉक्टरकडे जायचं, अंगावर काढायचं नाही. सोडवायचं असेल तर मधे उशी सरकवा, मोठा पुठ्ठा धरा, जाड चादर टाका, म्हणजे दोघांना एकमेकांचं तोंड दिसेनासं झालं की झालं. पाणी मारायचं नाही, ओरडायचं नाही, त्याने एवढंच होतं की मांजराच्या डोक्यात पक्कं बसतं, हा समोर आला की माझ्यावर संकट येतं.

तर बंटूने ढमीला ओळखलं नाही असं झालं होतं. आपल्याला वाटतं समोर दिसतेय ना ढमी, मग ओळखायला काय झालं. पण मांजराचा भरवसा नाकावर. आपण सोफ्याच्या कडेला, दाराच्या चौकटीला, आपल्या पायाला गाल घासताना बघतो ना त्यांना, ते लाडात येणं असतंच पण वास लावणंही असतं, आणि एका घरातल्या मांजरांचा मिळून एक समाईक वास तयार होतो. ढमी त्या दिवशी दवाखान्याचा वास अंगावर घेऊन आली. बंटूच्या हिशोबाने ढमीचा चेहरा लावून कोणी परकाच घरात शिरला होता, वर डुलत चालणारा. हे बऱ्याच घरांत होतं आणि आलेल्या मांजराला एक-दोन दिवस वेगळ्या खोलीत ठेवलं, अंगाला पुन्हा घरचा वास लागू दिला, तर बहुतेक वेळा निभावतंही.

पण ताईंना कोणीतरी सांगितलं, राहू द्या एकत्र, भांडून भांडून आपसात मिटवतील. या सल्ल्याचा मला मनापासून राग आहे. मांजर हा एकट्याने शिकार करणारा प्राणी आहे, भांडण झाल्यावर जवळ जाऊन समेट करायच्या खाणाखुणा त्याच्याकडे फारशा नाहीतच, त्याचा एकच तोडगा म्हणजे लांब जाणं. मोकळ्यावर असेल तर जाईलही. फ्लॅटमधलं मांजर लांब जाऊन जाणार कुठे, कपाटावर. ढमी १२ दिवस कपाटावरच होती आणि मधल्या मधे दोनदा ताईंच्या बिछान्यावर शू करून झाली होती.

"ती सूड घेतेय ना मॅडम, आम्ही दवाखान्यात नेलं म्हणून?"

सूडबीड काही नसतं. मी म्हटलं, मला व्हिडिओ पाठवा, पण भांडणाचा नको, काहीच चाललेलं नसतं तेव्हाचा पाठवा, मोबाईल कुठेतरी टेकवून अर्धा-पाऊण तास सोडून द्या. ताईंनी पाठवला, खाली लिहिलं होतं, "बघा, आज किती शांत आहेत दोघं."

मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. हॉलमधून आतल्या पॅसेजमध्ये जायचं जे तोंड आहे तिथे बंटू आडवा पसरलेला, एका कुशीवर, पुढचा एक पाय लांब केलेला, बघणाऱ्याला वाटेल काय आरामात लोळतंय बाळ. फक्त शेपटीचं टोक तेवढं हलत होतं, इकडे एकदा, तिकडे एकदा. पॅसेजच्या पलीकडच्या टोकाला बाथरूम आणि तिथेच दोघांचा मिळून एकच लिटर ट्रे, म्हणजे शू-शीसाठी वाळू भरलेला ट्रे. सातव्या मिनिटाला ढमी सोफ्यामागून आली. बंटूने मान वळवली नाही, नुसते डोळे तिच्यावर रोखले. ढमी जागच्या जागी बसली, खांदा दोनदा चाटला, जणू मी काही तिकडे निघालेच नव्हते, आणि आल्या वाटेने परत गेली. पुढच्या अर्ध्या तासात ती अजून तीनदा आली आणि तीनदा तशीच फिरली. ना आवाज, ना नखं, बंटू जागचा हललाही नाही.

मांजर आडवं गेलं की काम अडतं म्हणतात, मी मानत नाही, पण या घरात ते शब्दशः खरं होतं. ढमीचं कामच अडलं होतं, आणि तेही दिवसातून कितीदा. शेवटी कळ निघाली की मऊ आणि त्यातल्या त्यात सुरक्षित जागा कुठली, तर बिछाना. आणि आपण मात्र दूध पिणाऱ्या मांजरासारखे डोळे मिटून म्हणतो, शांत आहेत.

ताईंना विचारलं, बंटू तिथे कधीपासून बसतो? म्हणाल्या, पहिल्यापासूनच. मग मिस्टर मागून म्हणाले, अगं नाही, ते टेबल तिथे सरकवलं ना आपण, घरून कामाचं, तेव्हापासून. म्हणजे दवाखान्याच्या चार-पाच महिने आधी. टेबलामुळे पॅसेजचं तोंड एका मांजराएवढं राहिलं होतं आणि त्याच सुमाराला बंटू अडीच वर्षांचा झाला होता. मांजरं साधारण २ ते ४ वर्षांच्या दरम्यान खऱ्या अर्थाने मोठी होतात, वयात येणं वेगळं आणि हे वेगळं, लहानपणी जे मुकाट्याने वाटून घेतलं ते या वयात खटकायला लागतं. तेव्हा धुसफुस महिनोन् महिने चाललेली होती, दवाखान्याच्या वासाने फक्त काडी पडली.

मी सांगितलेली पहिली तीन कामं अगदी साधी होती. टेबल हलवा. एकाचे तीन ट्रे करा, दोन मांजरांना तीन, आणि तीन ठिकाणी, कारण शेजारी शेजारी ठेवलेले तीन ट्रे मांजराच्या दृष्टीने एकच ट्रे, एका जागी बसून तिन्ही अडवता येतात. खाण्याच्या आणि पाण्याच्या वाट्याही अशाच लांब लांब, खाताना एकमेकांचं तोंड दिसणार नाही अशा. आणि दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा, मधलं दार बंद. ताईंना वाईट वाटलं, शिक्षा केल्यासारखं वाटतं म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी त्यांचाच मेसेज आला की ढमी दुपारभर पोट वर करून झोपली होती, कित्येक महिन्यांत असं पाहिलं नव्हतं.

मग दाराचं काम. हे कंटाळवाणं असतं आणि लोक इथेच घाई करतात. मऊ फडकं ढमीच्या गालाला पुसायचं आणि बंटूच्या खोलीत नुसतं टाकून ठेवायचं, त्याचं हिच्याकडे. नाकाशी नेऊन धरायचं नाही, त्याचं त्याला हुंगू द्यायचं. दिवसाआड खोल्यांची अदलाबदल, मांजरं समोरासमोर न येता. फडकं हुंगून फिसकारणं थांबलं की बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांना त्यांचं अत्यंत आवडतं खाणं, आधी दारापासून चार हात लांब, मग रोज वीतभर जवळ, ते सुद्धा कालच्या अंतरावर मान खाली घालून नीट खाल्लं असेल तरच. खाता खाता दाराकडे बघून थबकलं तर उद्या परत मागे. बंटूसाठी वेगळा गृहपाठ होता, दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं काठीला बांधलेल्या पिसामागे पळायचं, दम लागेपर्यंत, शेवटी पीस पकडू द्यायचं आणि लगेच जेवण. त्याची शिकारीची हौस ढमीवर निघत होती थोडीफार, हे उघड होतं.

बंटू सहाव्या दिवशी दाराला नाक लावून खायला लागला. ढमी येईचना. दोन हात अंतरावर आली की उभी, वास घ्यायची, मागे वळायची. तीन आठवडे मी हे भीतीवर ढकललं, ताईंना म्हणत राहिले धीर धरा, आणि इथे चूक माझीच झाली. एके दिवशी त्यांनी सहज पाठवलेल्या क्लिपमध्ये ढमी पलंगावरून उतरताना दिसली. कडेला आली, खाली बघितलं, मागे झाली, परत आली, मग पुढचे पाय आधी बाजूच्या स्टुलावर टेकवून कशीबशी खाली सरकली. आणि दाराशी वाटी जमिनीवर, त्यात वाकून खायचं. माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, मागच्या दोन्ही खुब्यांचे सांधे झिजलेले. म्हाताऱ्या मांजरात हे इतकं कॉमन आहे, २००२ साली छापून आलेल्या एका अभ्यासात १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले होते आणि त्यातल्या ९० मध्ये सांध्यांची झीज दिसली होती. पण मांजर लंगडत नाही, विव्हळत नाही, नुसतं उडी मारायचं कमी करतं आणि आपण म्हणतो वय झालं. ज्याचं अंग दुखतंय त्याला कोणी जवळ नको असतं, हे तर माणसालाही लागू आहे. अचानक भांडणं सुरू झाली की आधी दोघांची तब्येत तपासून घ्या हे मी जगाला सांगते, आणि इथे दाताची तपासणी झालीय म्हणजे सगळी झाली असं धरून चालले.

औषध डॉक्टरांनी दिलेलंच. हे मुद्दाम लिहितेय, कारण घरातली पॅरासिटामॉल अर्धी करून देणारे लोक मला भेटले आहेत आणि मांजरासाठी ती गोळी विष आहे, थोडीसुद्धा. अजून एक गोष्ट, मांजर सारखं ट्रेवर जाऊन बसतंय, कुंथतंय आणि शू होत नाहीये, विशेषतः बोका, तर ते भांडण, टेन्शन वगैरे समजून समुपदेशकाला फोन करत बसू नका. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. त्याच दिवशी डॉक्टर.

ढमीची वाटी एका डब्यावर उंच ठेवली, एका ट्रेची पुढची कड कापून बुटकी केली, पलंगाला पायरी लावली. दोन आठवड्यांत ती दारापाशी आली. मग दार दोन बोटं उघडं, अडसर लावून. मग जाळी. जाळीतून बंटूने टक लावून बघायला सुरुवात केली की ताई कागदाचा बोळा दुसरीकडे फेकायच्या, नजर तुटली की झालं. मधे एकदा पाहुणे आले, कोणीतरी दार सताड उघडं टाकलं आणि सगळं आठ दिवस मागे गेलं. होतं असं. एकूण चार महिने लागले.

मैत्री झाली का, तर नाही. ती झाली नाही म्हणून उपाय फसला असं ताईंना सुरुवातीला वाटत होतं, त्यांच्या डोळ्यांसमोर एकमेकांना चाटणारी मांजरं होती. तसं काही मांजरांत होतं, जास्त करून एकत्र वाढलेल्या सख्ख्या भावंडांत. ढमी-बंटूने वेळा वाटून घेतल्यात, खिडकीतली उन्हाची जागा सकाळी हिची, नंतर त्याची. फिसकारणं आठवड्यातून एखाद्या वेळी, बिछाना कोरडा. बंटू अजूनही पॅसेजच्या तोंडाशी लोळतो, पण आता तिथे दोन मांजरं जातील एवढी वाट आहे, आणि ढमी भिंतीच्या कडेने, त्याच्याकडे न बघता, शेपूट उभी करून जाते. पहिल्यांदा गेली तो अकरा सेकंदांचा व्हिडिओ ताईंनी मला रात्री साडेअकराला पाठवला होता.

मागच्या आठवड्यात परत फोन आला. "मॅडम, आता सगळं छान चाललंय, तर विचार करत होतो, एक छोटं पिल्लू आणावं का? बंटूला खेळायला."

मी म्हटलं, ताई, मिस्टरांना फोन द्या जरा.