वाचकांचे प्रश्न : अंगणातले पतंग

प्रश्न : देवरूखजवळ आमचं घर आहे. मागे काजूची बाग आणि ओढा. पूर्वी पडवीतल्या ट्यूबलाइटभोवती भिंत भरून पतंग बसायचे. एलईडी दिवा लावल्यापासून चिलटांपलीकडे काही येत नाही. पतंग कमी झाले, की दिव्यातच खोट आहे?

उत्तर : एका भिंतीवरून पतंग घटले असं म्हणता येणार नाही, पण दिव्यामुळे फरक पडतो हे नक्की. पतंगांना अतिनील आणि निळा उजेड जास्त जाणवतो. साध्या एलईडीतून अतिनील किरण जवळपास निघतच नाहीत. जुन्या ट्यूबमधून थोडे तरी निघायचे.

पडवीतला दिवा आहे तसा राहू द्या, पतंग पाहायच्या रात्री मात्र तो बंद ठेवा. अंगणात झाडांच्या बाजूला तोंड करून साधारण पाच बाय सात फुटांची पांढरी सुती चादर दोरीवर ताणून बांधा. टेरिकॉट नको, त्यावर पतंगांचे पाय धरत नाहीत. खालची फूटभर चादर जमिनीवर पसरू द्या, कारण बरेच पतंग आधी खालीच पडतात. चादरीपासून फूटभर पुढे, पाच फूट उंचीवर 160 वॅटचा मर्क्युरी दिवा टांगा. होल्डर चिनी मातीचाच घ्या, प्लॅस्टिकचा उष्णतेने वितळतो. हा दिवा पूर्ण उजळायला काही मिनिटं लागतात. वीज गेली किंवा दाब एकदम पडला तर विझतो आणि गार झाल्याशिवाय पुन्हा लागत नाही. बिघडला समजून सारखा चालू-बंद करू नका. तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला की ती तडकते, म्हणून पावसाळ्यात सगळी मांडणी पागोळ्यांच्या आत घ्या. बाहेरची काच फुटूनही आतली नळी जळत असेल तर लगेच स्विच बंद करा, त्या उजेडाने डोळे आणि कातडी भाजते. खेड्यातल्या विजेचा भरवसा नसेल तर बॅटरीवर चालणारी अतिनील ट्यूब बरी. ती थेट डोळ्यांसमोर धरू नका.

अमावास्येच्या आसपासची, दमट, उबदार, वारा पडलेली रात्र निवडा. पहिल्या सरींनंतरचे आठवडे आणि पावसाळ्यातली उघडीप उत्तम. चांदणं असेल किंवा वारा सुटला असेल तर चादर कोरी राहते, तेव्हा दिव्याला दोष देऊ नका. अंधार पडल्यावर अर्ध्या तासाने बारके येऊ लागतात. मोठ्यांतले बरेच उशिरा, कधी मध्यरात्रीनंतर.

दिवा रात्रभर ठेवू नका. उजाडेपर्यंत पतंग चादरीवर राहिले की कोतवाल, दयाळ आणि बुलबुल एकेक करून टिपतात. अकराच्या सुमारास, मोठ्यांसाठी थांबलात तर उजाडण्याच्या बरंच आधी, दिवा मालवा, चादर हलक्या हाताने झटका आणि पतंगांना झुडपात जाऊ द्या. उजेडाला किडे, किड्यांना बेडूक आणि बेडकांमागे साप, हेही गृहीत धरा. बूट आणि विजेरी हवीच. पावसाळ्यात दिव्यावर केशरी-काळा, मुंगीसारखा लांबट किडा येतो. तो अंगावर चिरडला तर कातडीवर भाजल्यासारखे फोड येतात. फुंकर मारून उडवा आणि ती जागा साबणाने धुवा.

प्रश्न : मोबाइलवर फोटो काढतो. चादरीवरचा पतंग काळाकुट्ट येतो आणि फोटोत आडवे पट्टे दिसतात.

उत्तर : पांढऱ्या चादरीने चौकट भरली की कॅमेरा तिलाच राखाडी करायला बघतो आणि पतंग अंधारात जातो. एक्स्पोजर 0.7 ते 1 पर्यंत वाढवा. पट्टे पडतात ते दिव्याच्या लुकलुकीमुळे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला शंभरदा उजळतो-मंदावतो. प्रो मोडमध्ये शटर 1/50 किंवा 1/100 ठेवा. रंग हिरवट-जांभळे येत असतील तर त्या दिव्याच्या रंगावर विसंबू नका. विजेरीवर बटर पेपर लावून बाजूने उजेड टाका. मोठा कॅमेरा असेल तर एफ 8 ते एफ 11, आयएसओ 200 ते 400 आणि मऊ केलेला फ्लॅश.

ओळख पटवायची तर एक फोटो पंखांच्या बरोबर वरून घ्या, तिरका नाही. दुसरा बाजूने, शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) दिसतील असा. शेजारी आलेखकागदाचा तुकडा ठेवला की आकार कळतो. पंख चिमटीत धरू नका, खवले बोटाला लागतात आणि नक्षीच पुसते. काडी पायांपुढे आडवी धरा. पतंग सहसा तिच्यावर चढतो, मग चादरीऐवजी सालीवर किंवा पानावर नेऊन ठेवा.

प्रश्न : भिंतीवर वीतभर रुंदीचा तपकिरी पतंग दोन दिवस बसून आहे. पंखांच्या टोकाला सापाच्या तोंडासारखी नक्षी. साखरपाणी द्यावं का?

उत्तर : नको. हा अॅटलस पतंग आहे. प्रौढावस्थेत त्याला खाण्याजोगं तोंडच नसतं, अळीपणी साठवलेल्या चरबीवर तो आठवडाभर जगतो. शृंगिका पिसासारख्या रुंद असतील तर नर, बारीक असतील तर मादी. तिथेच राहू द्या, फक्त मांजर आवरा.

प्रश्न : काटोलच्या संत्राबागेत फळांना बारीक भोक पडून ती गळतात. हे पतंगांचं काम, असं शेजारी म्हणतात. पण दिव्यावर तर ते दिसत नाहीत.

उत्तर : शेजाऱ्यांचं म्हणणं बरोबर असावं. फळातला रस शोषणारे हे पतंग दिव्यापेक्षा पिकत्या फळाकडे जास्त ओढले जातात. अंधार पडल्यावर विजेरी घेऊन झाडाखाली फिरा. फळावर बसलेल्या पतंगाचे डोळे उजेडात लालसर चमकतात. बसलेला पतंग वाळक्या पानासारखा दिसतो, मागचे केशरी पंख झाकलेले असतात. फोटोसाठी जरा थांबा. सोंड आत खुपसताना किंवा उडायच्या बेतात असताना केशरीवरचा काळा डाग दिसला की ओळख पक्की. याच्या अळ्या संत्र्यावर वाढत नाहीत. त्या गुळवेल आणि वासनवेलीवर सापडतील, म्हणून बांधावरच्या वेली आधी तपासा.